मेलेल्या म्हशीच्या कानाबाबत

प्रति,
मा. विशेष मदत अधिकारी,
पूर व साथ मदत कक्ष, विभाग तीन,
जिल्हा कोल्हापूर.

अर्जदार : श्रीमती यल्लव्वा केरबा कुरणे, वय ६१, धंदा दुधाचा (जुलैपर्यंत), रा. खालची वसाहत, मौजे उंबरहोळ.

विषय : पुरात मेलेल्या म्हशीची मदत कपात न करता मिळण्याबाबत आणि अर्जदाराने तिचे कातडे विकल्याचा शेरा खोडण्याबाबत.

संदर्भ : १) पंचनामा, दि. १९ ऑगस्ट २००५. २) आपल्या कक्षाच्या साथ शाखेचे पत्र, दि. १२ सप्टेंबर २००५. ३) आपल्या कक्षाच्या मदत शाखेचे पत्र व हमीपत्राचा नमुना, दि. २४ ऑक्टोबर २००५.

महोदय,

१. अर्जदाराची म्हैस पुरात मेली. आपल्या कक्षाच्या हुकमाने ती पुरली. नंतर आपल्याच कक्षाने तिचा कान मागितला. कान दिला नाही म्हणून अर्जदाराने कातडे विकले असे कागदावर आले. प्रकरण एवढेच आहे. ते समजून घ्यायला कक्षाला साडेतीन महिने पुरले नाहीत, म्हणून खाली तारीख-वारासह मांडले आहे. ‘प्रकरण तपासून पाहू’ असे उत्तर पाठवू नये. तसे उत्तर अर्जदाराकडे दोन वेळा आलेले आहे.

२. दि. २६ जुलै, मंगळवार. संध्याकाळी साडेपाचला ओढ्याचे पाणी खालच्या वसाहतीत शिरले. वसाहत गावाच्या उतारावर आहे. ती तिथे का आहे हे आपल्याला माहीत असावे. अर्जदाराच्या घरात तीन माणसे : अर्जदार, विधवा सून संघप्रिया आणि सहावीतली नात. तिघी शाळेत गेल्या. जनावरांना शाळेच्या आवारात घेऊ दिले नाही. अर्जदाराने म्हशीचे दावे सोडले, पाठीवर थाप मारली आणि तिला वरच्या अंगाला हाकलले. म्हैस दूध संस्थेने चार वर्षांपूर्वी योजनेतून दिलेली होती. तिच्या डाव्या कानात संस्थेचा पितळी बिल्ला होता, क्रमांक ४१७. घर तिच्या दुधावर चालत होते.

३. शाळेत एकशे साठ माणसे आणि दोन संडास. चौथ्या दिवशी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. १ ऑगस्टला बावीस माणसे सलाइनवर होती आणि वरच्या गल्लीतले एक तान्हे मूल गेले होते. लेप्टोच्या तापाचा संशय म्हणून दोन तरण्या माणसांना कोल्हापूरला हलवले. २ ऑगस्टला सकाळी नऊला आपल्या साथ शाखेची जीप आली आणि भोंग्यावरून हुकूम झाला. त्याची छापील प्रतही वाटली : मृत जनावरे सहा तासांच्या आत सहा फूट खोल पुरावीत, वर चुना टाकावा, कोणत्याही कारणाने उकरू नयेत.

४. त्याच सकाळी म्हैस सापडली. गावातले शेतकरी पिराजी खोचगे यांच्या उसाच्या बांधावर बाभळीत अडकली होती, फुगलेली. आरोग्य पथकाच्या डॉक्टर बाई तिथे आल्या. नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, “आजी, हिला आजच्या आज पुरा. एक दिवस गेला तर जनावरापाठोपाठ माणसं पुरावी लागतील.”

बांधावर गावातली आठ-दहा माणसे उभी होती. त्यांतला एक मोठ्याने म्हणाला, “वसाहतीतली माणसं बोलवा की. त्यांचंच काम हाय हे.”

पिराजीने त्याच्याकडे बघितले. “का? दोर धराया तुजं हात मोडल्यात व्हय?”

मग पिराजीने स्वतः म्हशीच्या पायांना दोर बांधला, ट्रॅक्टरला लावला आणि तिला बांधाच्या कडेला ओढत नेले. खड्डा अर्जदार, संघप्रिया आणि पिराजी यांनी काढला. ओल्या जमिनीत सहा फूट म्हणजे काय असते हे ज्यांनी हुकूम छापला त्यांनी एकदा करून बघावे. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी डॉक्टर बाईंनी चिठ्ठी दिली : ‘म्हैस एक, पुरली, चुना दोन पोती, समक्ष.’ चिठ्ठी सोबत जोडली आहे.

५. यापुढची गोष्ट अर्जदार लपवत नाही. माती ढकलण्याआधी संघप्रिया म्हणाली, “आत्ती, बिल्ला ऱ्हायला की कानात.”

बिल्ला कानात आरपार ठोकलेला असतो. कान कापल्याशिवाय तो निघत नाही. अर्जदाराच्या हातात विळा होता. अर्जदार म्हणाली, “ऱ्हाऊ दे. तिचा हाय, तिच्याबरूबर जाऊ दे.”

कान लागेल असे त्या वेळी कोणी सांगितले नव्हते. हुकमाच्या छापील कागदातही ते नाही. पण सांगितले असते तरी अर्जदाराने कान कापला नसता. त्याचे कारण परिच्छेद सातमध्ये आहे.

६. दि. १९ ऑगस्ट, शुक्रवार. आपल्या मदत शाखेचे लिपिक पंचनाम्याला आले. जे बोलणे झाले ते पिराजी आणि संघप्रिया यांच्यासमोर झाले. ते पंचनाम्यात नाही, म्हणून इथे देणे भाग आहे.

लिपिक : “मावशे, बिल्ला कुठाय?”

अर्जदार : “कानात.”

“कान कुठाय?”

“म्हशीला.”

“आणि म्हैस?”

“तुमी उभं हाय त्याच्या खाली सा फूट.”

लिपिक दोन पावले मागे सरकले. मग हसून म्हणाले, “कान तेवढा कापून ठिवायचा की. तुमाला कुणी शिकवाय पायजे व्हय? पिढीजात हात बसलेला तुमचा.”

पिराजी म्हणाला, “सायेब, दोर म्या वडलाय. माझा हात कवा बसला त्ये बी ल्ह्या.” ते लिहिले नाही. लिहिले ते असे : ‘मृत जनावराचा कान व बिल्ला सादर केला नाही. जनावराचे कातडे काढून विकले असल्याची शक्यता नाकारता येत नाही.’

डॉक्टर बाईंची चिठ्ठी दाखवली तेव्हा लिपिक म्हणाले, “हिच्यात बिल्ल्याचा नंबर न्हाय. कुणाची बी म्हैस असंल.”

७. अर्जदाराचे सासरे ज्ञानू कुरणे यांनी १९५७ साली धम्म स्वीकारला. त्या दिवशी वसाहतीतल्या एकोणीस घरांनी जनावरे सोलायच्या सुऱ्या एका पोत्यात भरल्या आणि नदीच्या डोहात सोडल्या. मेलेले जनावर ओढायचे नाही, फाडायचे नाही, त्याला या घरांचे पाते लागू द्यायचे नाही, असे ठरले. गावाने त्याचा राग धरला. दोन वर्षे वसाहतीला शेतात काम मिळाले नाही आणि गिरणीत दळण घेतले गेले नाही. माणसे मलकापूरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर जाऊन जगली, पण डोहात कोणी उतरले नाही. अर्जदार तीन वर्षांनी त्या घरात सून म्हणून आली. नवरा केरबा यांनी पहिल्या आठवड्यात सांगितले ते एवढेच होते, आणि मरेपर्यंत दुसरी कोणती अट घातली नाही.

हे सगळे सरकारी कक्षाला सांगायचे कारण नव्हते. कक्षाने विचारले म्हणून अर्जदाराने लिपिकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “समदं खरं असंल, पर फारमात तसा रकाना न्हाय.”

८. दि. १२ सप्टेंबर, सोमवार. अर्जदार पिराजीसह आपल्या कार्यालयात आली. मदत शाखा आणि साथ शाखा एकाच खोलीत आहेत. मध्ये एक लोखंडी कपाट आहे. कपाटाच्या अलीकडे सांगितले, “कान आणा, मंजूर करतो.” कपाटाच्या पलीकडे सांगितले, “उकरलंत तर गुन्हा दाखल करीन. सहा महिने हात लावायचा नाही.” ते त्यांनी लेखी दिले (संदर्भ २). सहा महिने २ फेब्रुवारीला भरतात. निधी ३० नोव्हेंबरला परत जातो. अर्जदाराने दोघांना विनंती केली की एकमेकांशी बोलावे. अलीकडचे म्हणाले की पलीकडून लेखी आले पाहिजे. पलीकडचे म्हणाले की अलीकडून लेखी मागणी आली पाहिजे. दोघे एकाच किटलीतला चहा पीत होते.

९. गावात एकूण चौदा जनावरे दगावली. यादी आपल्याच कक्षाची आहे, सोबत जोडली आहे. अकरा जनावरे वरच्या गल्ल्यांतली. त्यांतल्या दोन मालकांनी सुटे पडलेले बिल्ले दाखवले. उरलेल्या नऊ जणांच्या नावापुढे ‘वाहून गेले’ एवढेच आहे. त्यांच्याकडून कान मागितला नाही आणि मागायचे कारणही नव्हते. मदत देणे योग्यच होते. कान मागितला तो खालच्या वसाहतीतल्या तिघांकडून. कातडे विकल्याची शक्यता नाकारता आली नाही तीही त्या तिघांच्याच बाबतीत. ही शक्यता कक्षाला कोणत्या गल्लीपासून नाकारता येईनाशी होते, ते कळवावे.

१०. दि. २४ ऑक्टोबरचे पत्र (संदर्भ ३) अर्जदाराला दोनदा वाचून घ्यावे लागले. कक्षाने मदत मंजूर केली आहे, मात्र ‘मृत जनावराच्या कातड्याची अंदाजे किंमत वजा करून’. सोबत हमीपत्राचा नमुना आहे. त्यात अर्जदाराने लिहून द्यायचे आहे की, कातड्याची विल्हेवाट तिने लावली आणि त्याचा लाभ तिला मिळाला. म्हणजे ऑगस्टमध्ये जी शक्यता होती ती ऑक्टोबरमध्ये विक्री झाली. मधल्या काळात काय घडले? कातडे कोणी घेतले, कोणत्या दिवशी, सहा फूट माती आणि चुन्याखालून ते कसे काढले? कक्षाकडे त्याची पावती असल्यास अर्जदाराला एक प्रत हवी आहे.

लिपिकांनी वर समजूतही घातली. “आक्का, सही करा आणि सुटा. वजावट नावापुरती हाय. कोण वाचतंय?”

अर्जदार म्हणाली, “माझी नात वाचती.”

११. वसाहतीतल्या उरलेल्या दोन कुटुंबांनी हमीपत्रावर सह्या केल्या आहेत. त्यांच्या घरात तान्ही मुले आहेत आणि दूध विकत घेण्याची ऐपत नाही. अर्जदार त्यांना नावे ठेवत नाही. साथीत मूल जगवायचे असले तर माणूस कशावरही सही करतो, हे कक्षाला माहीत होते, म्हणूनच तो नमुना छापला गेला असे अर्जदाराचे म्हणणे आहे. सही करून आलेल्या तानाबाई दोन दिवस अर्जदाराच्या दारावरून गेल्या नाहीत. मागच्या बाजूने गेल्या. नुकसानीच्या यादीत हे घेतलेले नाही.

१२. संघप्रिया सप्टेंबरपासून पहाटेच्या एसटीने कागलला मजुरीला जाते. मदतीतून नवी म्हैस आली तर तिचे जाणे थांबेल. अर्जदाराला मदतीची गरज नाही असा अर्थ कोणी काढू नये. गरज आहे आणि ती आजची आहे. तरीही अर्जदार पुढीलप्रमाणे कळवते :

(अ) हमीपत्र सही न करता परत पाठवले आहे. दुसरा नमुना पाठवू नये.

(ब) म्हैस आपल्या हुकमाने, आपल्या डॉक्टरांसमक्ष पुरली, हे मान्य करून मदत पूर्ण द्यावी व पंचनाम्यातला शेरा खोडावा. दोन्ही एकाच वेळी व्हावे. शेरा ठेवून मदत दिल्यास अर्जदार ती घेणार नाही. सही केलेल्या दोन कुटुंबांच्या कागदावरूनही तो शेरा जावा. त्यासाठी त्यांना पुन्हा कार्यालयात बोलावू नये.

(क) कक्षाला कान पाहिजेच असेल तर कक्षाने यावे. जागा पिराजी खोचगे यांच्या बांधावर, बाभळीपासून पूर्वेला अकरा पावलांवर आहे. साथ शाखेची परवानगी कक्षाने स्वतः घ्यावी. अंतर एका कपाटाचे आहे. अर्जदार खोरे देईल, पाणी देईल, हात धुवायला साबण देईल. कान कापायचे काम कक्षाच्या माणसाने करावे, आणि ज्यांना तो हात पिढीजात वाटतो त्यांनीच करावे.

(ड) यांपैकी काहीही ३० नोव्हेंबरपर्यंत झाले नाही तर निधी परत जाईल. परत पाठवताना प्रत्येक नावापुढे कारण लिहावे लागते, असे अर्जदाराला कळले आहे. अर्जदाराच्या नावापुढचे कारण लिपिकाकडून लिहून घेऊ नये. ते आपण स्वतः, आपल्या हस्ताक्षरात लिहावे : ‘या बाईने मेलेल्या जनावराला पाते लावले नाही.’ त्याखाली आपली सही आणि शिक्का असावा. ती प्रत अर्जदाराला मिळावी. घरात लावायची आहे.

आपल्या यादीतील अनुक्रमांक तेरा,

(सही) यल्लव्वा केरबा कुरणे
उंबरहोळ, दि. १४ नोव्हेंबर २००५

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी, दि. २ ऑगस्ट, वेळ ४.२० (छायाप्रत, मूळ चिठ्ठी कक्षाला देणार नाही).
२) साथ शाखेचा छापील हुकूम.
३) संदर्भातील तिन्ही कागद.
४) मृत जनावरांची यादी, चौदा नावे.
५) पिराजी खोचगे यांचे प्रतिज्ञापत्र : दोर त्यांनी ओढला, कातडे कोणी काढले नाही.
६) हमीपत्र, कोरे.

अर्ज लिहून देणार : प्रसेनजीत दाभाडे, वार्ताहर. तारखा व वेळा त्या-त्या दिवशीच्या टिपणवहीतून घेतल्या. अर्ज अर्जदाराला वाचून दाखवला. तिने परिच्छेद बारामधले ‘कृपया’ दोन ठिकाणी काढायला लावले.