पहिल्या नंबरचा मान

तंजावूर,
राजवाड्यामागची गल्ली

तीर्थरूप थोरले मामंजींच्या चरणी धाकट्या घरच्या भुवनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इथे सगळे खुशाल आहेत, म्हणजे ज्याचं जे दुखत होतं तेच दुखतं आहे, नवीन काही नाही. पुण्याच्या थंडीत आपला गुडघा कसा आहे? थोरल्या सासूबाईंनी पाठवलेला गोडा मसाला पोचला. (तो सांबारात घालावा की नाही यावर घरात दोन पक्ष पडले. मी डबाच लपवून ठेवला आहे.) पत्र मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे; इथे बाकी सगळे मराठीसुद्धा तमिळ अक्षरांत लिहितात. शाळेत हिंदी शिकवण्याचा एवढा एक फायदा की, घरात दुसऱ्या कोणाला वाचता येणार नाही असं मला लिहिता येतं.

विशेष असं की, आपल्या गल्लीने वीज सहकारी संघ काढला. सरकारी लाइन आहेच, पण ती अधूनमधून विश्रांती घेते. म्हणून गच्च्यांवर सोलर पॅनेल आणि सगळ्यांची मिळून एक मोठी बॅटरी असं ठरलं. आपल्या बंद घराची गच्ची वापरायला आपण फोनवर यांना होकार दिलात, त्याबद्दल गल्ली आभारी आहे. सगळ्यात चांगलं ऊन तिथेच पडतं. आता सामान पुरवणारी कंपनी निवडायची, तर तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. पहिल्याने आपलं कार्ड डाव्या हाताने पुढे केलं. त्याचे पॅनेल इंद्रलोकातून येणार असते तरी तो तिथेच बाद होता. दुसरा, आमचे मामंजी उभे असताना, खुर्चीत बसून बोलला. तिसरा सुब्रमण्यम म्हणून इंजिनिअर, तो बाहेर ओट्यावर बसला, कॉफीचा टंबलर ओठाला न लावता वरून प्याला आणि शर्टावर एक थेंब सांडू दिला नाही. त्याची कंपनी एकमताने निवडली गेली. बॅटरीची हमी किती वर्षांची, असं मी विचारलं, तर समोरचे सदाशिवराव म्हणाले, "चांगल्या घरचा मुलगा दिसतो की. आणि काय हमी पाहिजे तुला?"

मग क्रम ठरवण्याची सभा भरली. सुब्रमण्यम तमिळमध्ये, सावकाश, हातवारे करून सांगत होता की, लाइन बराच वेळ गेली आणि बॅटरी उतरायला लागली, तर सगळ्या गल्लीत एकदम अंधार नको. एकेक घर बंद करत जाऊ, म्हणजे बाकीच्यांना जास्त वेळ पुरेल. तर बंद करताना पहिलं घर कुठलं धरू? आपल्या लोकांना तमिळ कळत नाही असं नाही, स्वप्नंसुद्धा तमिळमध्ये पडतात. पण "पहिलं घर" एवढं कानावर आलं आणि सगळे उठून उभे राहिले. सदाशिवराव म्हणाले, त्यांच्या पूर्वजांची दरबारातली बैठक खांबाच्या अलीकडे होती. मामंजी म्हणाले, खांब कुठलाही असो, विडा आधी आपल्या घराला मिळत असे. (त्या दरबारात दोघांपैकी कोणीही हजर नव्हतं, हे मी बोलले नाही. सुनेने बोलायचं नसतं.) अखेर विडा खांबाला भारी पडला आणि पहिला नंबर आम्हाला मिळाला. सुब्रमण्यमने पुन्हा पुन्हा विचारलं, "सर, नक्की?" मामंजी म्हणाले, "आमचंच पहिलं. लिहा." तो बिचारा हात जोडून उभा राहिला. दुसऱ्या गल्ल्यांमध्ये पहिलं बंद व्हायला कोणी तयार होत नाही म्हणे. आम्ही मोठी त्यागी माणसं आहोत असा त्याचा समज झाला, तो अजून तसाच आहे. शेवटचा नंबर साईप्रिया म्हणून भाडेकरू टीचर आहे तिला गेला, कारण तिला दरबारात पूर्वजच नव्हता.

पुढे काय झालं ते आपण ओळखलं असेल. मागल्या आठवड्यात दिवसभर पावसाळी आभाळ होतं, पॅनेलना ऊन नाही, आणि दुपारी लाइन गेली ती आलीच नाही. मामंजी जेवून आडवे झाले होते. आपल्याला माहीत नसेल, झोपेत त्यांचा श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी नाकाला लावायचं यंत्र दिलं आहे, ते विजेवर चालतं. बॅटरी उतरू लागताच मानाप्रमाणे पहिलं आमचं घर बंद झालं. मी धावले तेव्हा ते उठून बसले होते, तोंड उघडं, डोळे मोठे झालेले. मला फार भीती वाटली, थोरले मामंजी. समोर सदाशिवरावांचा पंखा अजून फिरत होता, आणि गल्लीच्या टोकाला साईप्रियाचा मिक्सर चालू होता. तीच नंतर वायर घेऊन पळत आली, "अय्यो आंटी, माझ्या घरून करंट घ्या."

सुब्रमण्यम गुपचूप नंबर बदलायला तयार आहे. मामंजी तयार नाहीत. "पहिला नंबर घेतला म्हटल्यावर परत देतात कां? कोण देतो?" शिवाय त्यांनी सोडला तर सदाशिवराव घेणार, आणि अंधारात छाती काढून बसणार, हे त्यांना सोसायचं नाही. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, यांनी सांगून पाहिलं. मीही ते ताटावर बसले असताना सांगितलं, तर त्यांनी ताक मागितलं. असो. बाकी सर्व ठीक. लोभ आहेच, वाढायला जागाही आहे.

आपली,
भुवना

ता. क. आता खरं काम. आपण थोरली पाती. आपल्या बंद घराला कोणी नंबरच दिलेला नाही. तर आपण कडक शब्दांत कळवावं की पहिला मान थोरल्या घराचा आहे. विनंती करू नये, विनंती त्यांना कळत नाही. हक्क सांगावा, रागावून. मग त्यांना मान खाली न घालता नंबर सोडता येईल, आणि आपलं बंद घर खुशाल पहिलं अंधारात जाईल. घरच्या शांभवीच्या लग्नात पंगतीत पहिल्या पानावर कोण बसलं यावरून आपण आणि मामंजी, दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नाही, हे मला माहीत आहे. मी बोलायला सांगत नाही, फक्त भांडायला सांगते.

पुन्हा ता. क. पाकिटावर पुण्याचा पत्ता इंग्रजीत लिहावा लागला, तो मामंजींनी पाहिला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "पहिला नंबर मीं घेतला, हें दादाला लिहिलंस कां? ठळक लिही. भांडायला म्हणून तरी येईल की." तेव्हा वरची कडक शब्दांची सूचना रद्द समजावी. काही लिहू नका. या.