पाळण्याच्या कडीला गिटार

५ मार्च
गिटार उघडली. तारा काढल्या, मान धरणारे स्क्रू काढले. आतल्या वायरी हरिदासांनी सोडवल्या. जन्मभर खाणीत इलेक्ट्रिशियन होते, त्या कामात मी हात घालत नाही. उरलं नुसतं धड. त्यावर ऑर्केस्ट्राच्या दिवसांत त्यांनीच भीमजयंतीसाठी फासलेला निळा ऑइल पेंट. खिडकीच्या गजांना लावतात तो! आता पापुद्रे सुटलेत.
होणाऱ्या नातवंडाच्या नामकरणाला आमचे यजमान ही गिटार वाजवणार. "फाटक्या कपड्यानं स्टेजवर जाऊ का मी?" म्हणे. ठीक आहे. पण रंग काढणार मी. त्यांना खोकला आहे, आणि धीर अजिबात नाही.

७ मार्च
रिमूव्हर लावून निळा रंग फुगवला आणि पत्र्याच्या पट्टीनं खरवडला. हातमोजा फाटला, अंगठा भाजला. निळ्याखाली मूळचा काळा — दगडासारखा! त्यावर पॉलिश पेपर. आधी जाड, मग बारीक. संध्याकाळी लाकूड दिसलं. फिकट पिवळं, सरळ रेषांचं. असंच ठेवायचं, वर फक्त वॉर्निश.
शेजारची गुणाबाई कुंपणावरून — "मॅडम, काय सोलून राह्यल्या? मासोळी हाय का?"
म्हटलं, हो, खवले तुझ्याकडे पाठवते.

१० मार्च
लेकीचा, संघप्रियाचा फोन. आठवा लागला. जावई, अमर, महिनाअखेरीला तिला चिमूरहून आणून सोडणार. बाळंतपण इथे, मग सव्वा महिना इथेच. पहिलं बाळंतपण माहेरी — यात विचारायचं काय असतं?
तिचा आवाज बारीक वाटला. दम लागतो का, विचारलं. "नाही गं." लहानपणापासून हेच. धाप लागलेली असली तरी नाही!
मागची खोली हरिदासांनी तिच्यासाठी तयार केली आहे. भिंतींना रंग, खिडकीला जाळी, जाळीवर प्लास्टिक, दाराखाली रबराची पट्टी. पाळणाही टांगून झाला. घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तीच. म्हणून वॉर्निश तिथेच करायचं ठरवलं. वास जायला अजून वेळ आहे.

१३ मार्च
वॉर्निशचा पहिला हात. पाळणा उतरवून कोपऱ्यात ठेवला आणि त्याच कडीला गिटारीचं धड तारेनं टांगलं. रात्रभर सुकू दे.

१४ मार्च
सगळं खरखरीत! माझाच निष्काळजीपणा. घासल्याचा भुसा साडीला लागून आत गेला असणार. घासून काढलं.

१६ मार्च
दुसरा हात. आधी खोली ओल्या फडक्यानं पुसली, पाळणासुद्धा. आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून आत गेले. दार गच्च लावलं.

१७ मार्च
पुन्हा तेच.
हा भुसा नाही. भुसा पिवळा असतो. हे पांढुरकं, बोटांत चरचरतं. खिडकीच्या चौकटीवर तेच. पाळण्याच्या दांडीवर तेच — कालच पुसलेल्या!
चिमूटभर बशीत घेतलं, वर संडास धुवायच्या अ‍ॅसिडचा थेंब टाकला. फसफसून वर आलं. शेजारी लाकडाचा भुसा ठेवून त्यावर टाकला — काही नाही. नववीच्या वर्गाला दर वर्षी करून दाखवायचे मी हे. चुनखडी आहे.
टेकाडापलीकडे खाणीचा दगड फोडायचा क्रशर. त्याची घरघर आता कानाला ऐकूही येत नाही, इतकी सवय झाली. आपण रोज झाडतो, रोज पुसतो, म्हणून घर स्वच्छ वाटतं. ओलं वॉर्निश पुसता येत नाही. पडेल ते तिथेच राहतं.
त्या कडीला बाळ असतं तर?

१८ मार्च
हरिदासांना सांगितलं.
"तुह्या घासण्याचा कचरा हाय तो."
बशीतला प्रयोग करून दाखवला.
"मास्तरीणपना घरात करू नोको. आता फिल्टर लागले, रोडवर पानी मारतेत. धूळ कुठी राह्यली आता? पयले होती धूळ!" — आणि खोकला. मी थांबले, खोकला संपेपर्यंत. छातीच्या तपासणीचा कॅम्प आला की हा माणूस गडचांदूरच्या बाजाराला जातो. दर वेळी. मेथी घेऊन येतो.
मग म्हटलं, संघप्रिया इथे येणार नाही.
"याच धुळीवर पोर शिकली तुही!"
ताट सरकवून हरिदास उठले.

२० मार्च
फोन केला. मला घोळवून बोलता येत नाही. "इकडे येऊ नकोस. बाळंतपण तिकडेच कर. घरात दगडाची धूळ आहे." ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. कारण नीट ऐकलं की नाही कोण जाणे.
थोड्या वेळानं तिची सासू, अंजनाबाई. "विहीनबाई, लेक जड झाली का तुमाले?"
धूळ सांगितली.
"तुमची पोर त्याच धुळीत वाढली न? मंग नातवालेच काऊन लागते?"
"पोर वाढली आणि तिचा श्वासाचा पंपही वाढला. तुम्ही तो रोज बघता."
"लोक काय म्हनतीन?"
"लोकांना माझा नंबर द्या."
फोन आपटून ठेवला. चहा सांडला.

२२ मार्च
हरिदास बोलत नाहीत. गुणाबाई डिंकाच्या लाडवांसाठी खोबरं किसून घेऊन आली. तिला कळलेलं होतं. "मॅडम, शाळंत कडक होत्या, थे ठीक. पोटच्या पोरीसंग बी?"
खोबरं ओट्यावर ठेवून गेली. डब्यात भरून ठेवलं. मी एकटी पडले आहे, इतकंच.

२४ मार्च
आज हरिदास बोलले — भांडायलाच.
"शेवटचा हात मी मारतो. खोली मी पुसतो. तू आत पाय ठेवाचा नाई. सकाळी काचेवानी निंगालं तं पोरगी इथीच येईन. मंजूर?"
"आणि नाही निघालं तर?"
"निंगनच."
"नाही निघालं तर?"
ते ब्रश शोधायला उठले. मी मंजूर म्हटलं. अर्ध्या शब्दातच पस्तावले. एखाद्या रात्री वारा फिरतो. मशीन बंद पडतं. बाळाचा श्वास मी एका रात्रीवर लावून बसले!

२५ मार्च
पॉलिश पेपरनं सगळं गुळगुळीत केलं त्यांनी. खोकत, तोंडाला दुपट्टा बांधून. खोली धुतली. खिडकीच्या फटींवर इलेक्ट्रिकची काळी टेप. दारावर ओली चादर. ब्रश धरला तेव्हा मी उंबऱ्याबाहेरून पाहत होते. हात अजून स्थिर आहे. संध्याकाळी कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात.
"आता पाह्य," म्हणाले. लहान मुलासारखे खूश.
अंगणात जाऊन पाहिलं. वारा क्रशरकडून नाहीच. म्हणजे हेच जिंकणार.
आणि जिंकले तर लेक येईल. मला ती नको आहे का इथे? खोबऱ्याचा डबा काय उगाच नीट झाकून ठेवला मी?

२६ मार्च
सकाळी कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरातच उभी राहिले. पुढे खोकलासुद्धा ऐकू येईना.
शेवटी गेले. हरिदासांचा तळहात गिटारीवर. वरून खाली, हळू. पुन्हा वरून. तापलेल्या पोराच्या पाठीवर फिरवावा तसा. कोरड्या हाताखाली चरचर ऐकू येत होती. खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या काळ्या टेपवरसुद्धा पांढरी पावडर बसली होती.
"इतकं बारीक असते," म्हणाले. बस्स.
मग कोपऱ्यातला पाळणा उचलला, अंगणात नेला आणि नळाखाली धुवायला बसले. मी साबण दिला. जिंकल्याचं काही वाटलं नाही.
संघप्रियाला मीच फोन लावला. कारण पुन्हा सांगितलं, नीट, सावकाश.
"ऐकलं होतं गं मी," म्हणाली. "त्या दिवशी रडले. मग कित्येक दिवसांनी शांत झोप लागली. तिकडे आले की मला श्वास पुरत नाही, आई. कसं सांगायचं हेच कळत नव्हतं."
"आधी का बोलली नाहीस?"
"तू चिडली असतीस."
चिडलेच असते.
"मग आम्ही येतो तिकडे," म्हटलं. हरिदासांना न विचारता! त्यांनी नळ बंद केला, पण नाही म्हणाले नाहीत.

२८ मार्च
पाळणा पोत्यात बांधला. अमरनं त्यांच्या घराशेजारीच खोली पाहून ठेवली आहे. लाडू गुणाबाईनं वळून दिले. अंजनाबाईंचा निरोप — "विहीनबाईले म्हना, लवकर या. खोली झाडून ठेवली." गिटार जोडली. खरखरीतच आहे. हरिदास आता घासू देत नाहीत.
निघताना कुलूप लावत होते. माझ्याकडे न पाहता म्हणाले — "चंद्रपूरले उतरू, माधवी. माह्या छातीचा फोटो काढून घेऊ."