बंडीचा आतला खिसा

प्रिय बाबा,

दोन महिने होत आले, तुम्ही माझा फोन उचलत नाही. रिंग पूर्ण वाजते. म्हणजे फोन तुमच्याजवळच असतो, आणि पायजम्याच्या ज्या खिशात असतो तो मीच शिवलेला आहे, त्यामुळे कुठे पडला असेल अशी मनाची समजूतही घालता येत नाही. शेवटी आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि कापड कापायच्या टेबलावर वही घेऊन बसले. हे पत्र तुम्ही ठेवाल की चुलीत घालाल, मला माहीत नाही. पण अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या दिवशी, आपल्या घरात मी जे केलं, ते करताना माझ्या डोक्यात काय शिजत होतं हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं. तुम्ही माझ्याशी पुन्हा बोलावं आणि तुमची सून करिश्मा अकोल्याहून मनापासून घरी परत यावी, एवढंच माझं मागणं आहे.

दुकान बरं चाललंय. इथे अमरावतीला राजापेठेत शिवायला कपडे येतात त्यापेक्षा खिसे दुरुस्त करायलाच जास्त येतात. मागच्या आठवड्यात इथल्या एका क्लासचे सर आले, त्यांचं पाकीट तिसऱ्यांदा गेलं होतं. त्यांचा शेजारच्या पानठेल्यावर संशय होता. मी पॅन्ट उलटी करून पाहिली. खिसा वीतभरही खोल नव्हता आणि अस्तर गुळगुळीत. गाडीवर बसलं की मांडी वर येते, खिशाचं तोंड आडवं होतं आणि पाकीट आपसूक बाहेर सरकतं. मी खिसा चार बोटं खोल केला, आत सुती कापड लावलं, वर टिच बटण बसवलं आणि सांगितलं, सर, चोर तुमच्या पॅन्टमध्येच होता. लोकांना चोर आवडतो, खिसा तपासायचा कंटाळा येतो. हे मी गिऱ्हाइकांना दिवसातून दहा वेळा ऐकवते. स्वतःच्या घरात मात्र मी आधी चोर पकडला.

तुमचे कागद पडायचे ते मला लहानपणापासून आठवतात. सदऱ्याच्या वरच्या खिशात तुम्ही सगळं कोंबायचे, आणि मंडीत वांग्याचा कट्टा उचलायला वाकलात की सगळं पायाशी. आधार कार्ड तर एकदा बसस्टँडवरच्या चहावाल्याने आणून दिलं. म्हणून मी तुम्हाला बंडी शिवली, आतल्या बाजूला डाव्या कुशीत चोरखिसा, वरून पट्टी, पट्टीला काज आणि बटण. तुम्ही कितीही वाकलात तरी आतलं जागचं हलणार नाही, असा हिशोब होता. पण खरं सांगू? ती बंडी मी तुमच्यासाठी जेवढी शिवली तेवढीच माझ्यासाठी शिवली. दर मंगळवारी भाजी विकून तुम्ही दुकानात यायचे, मी पट्टीचं बटण काढायची आणि एकेक कागद तुम्हाला वाचून दाखवायची. विजेचं बिल, बँकेची चिठ्ठी, सोसायटीची नोटीस. लोकांसमोर तुम्ही म्हणायचे, चष्मा घरी राहिला. तुमचा चष्मा कधीच घरी राहिला नव्हता, कारण तुम्हाला चष्माच नव्हता. सही तेवढी तुम्ही चित्रासारखी काढायला शिकला होता. बाकी तुम्हाला वाचता येत नाही हे आई गेल्यानंतर आम्हा दोघा भावंडांनाच, मला आणि किशोरलाच, माहीत होतं, आणि किशोर अकोल्याला नोकरीला लागल्यावर तुमचे डोळे मीच होते. मला त्याचा अभिमान होता, बाबा. नको तेवढा होता.

मग यंदा संक्रांतीनंतर तुम्ही पहिल्यांदा खिशावर हात ठेवला. मी बटणाकडे हात नेला तर म्हणालात, "राहू दे, माया. काही नाई त्यात." खिसा तर फुगलेला होता. मी हात मागे घेतला, पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दूधवाल्याने जास्त हसून राम राम केला तरी मी दूध मापून घेते. त्या दिवसापासून मी हिशोब जुळवायला लागले. किशोर आठवडाभर अकोल्याला, घरी तुम्ही, करिश्मा आणि तिची छोटी आकांक्षा. किशोरने दिवाळीत सहज विषय काढला होता की शेताची कागदपत्रं एकदा नीट करून घ्यावी लागतील. गावात नीट करणं म्हणजे काय ते मला कळतं. बहिणीला गोडगोड बोलून तालुक्याला न्यायचं, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि वर साडी नेसवायची. माझ्या दोन मैत्रिणींचं तसंच झालं. मला शेत नको होतं, पण मला न विचारता कोणी माझं नाव खोडावं हेही नको होतं. आणि तुम्ही तर पुढे कागद धरला की सही करणारे. म्हणून पुढच्या मंगळवारी तुम्ही खिसा रिकामा करून आलात, तेव्हा मी तुमचं आधार कार्ड आणि सातबारा चोरखिशात घातला आणि खिशाचं तोंड बटणाच्या वरून चक्क शिवून टाकलं. पडायला नको म्हणून शिवते, असं तुम्हाला सांगितलं. खरं तर मी सापळा लावला होता.

आखाजीच्या आधी बंडी बटण लावायला माझ्याकडे आली. तोंड शिवलेलंच होतं, पण टाके माझे नव्हते. शिंप्याला टाका ओळखायला अक्षर ओळखण्याइतकाच वेळ लागतो. माझी तुरपाई उजवीकडे झुकते, ही डावीकडे झुकलेली होती, बारीक आणि सफाईदार. आपल्या घरात डावखुरी एकच, करिश्मा. मी टाके उसवले. आधार आणि सातबारा जागेवर होते, आणि त्यांच्या मागे वहीचा एक कागद होता, चार घड्या घातलेला. त्यावर तीनच नावं, पुन्हा पुन्हा लिहिलेली. खुशालराव, किशोर, माया. सगळ्यात जास्त वेळा माया. वरच्या ओळीत वाकडंतिकडं, खाली येता येता सुधारत गेलेलं. तुमचं, वारसाचं आणि सोडून देणारीचं, अशी तिन्ही नावं कोणीतरी गिरवून गिरवून सवय करत होतं, असंच मला दिसलं. माझी खोटी सही करायची तयारी चालली आहे याबद्दल मला तिळभर शंका उरली नाही.

पुढचं तुमच्यासमोरच झालं. पुरणपोळीचं जेवण आटोपलं होतं, ओसरीवर सूर्यभानकाका आणि शेजारची मंडळी बसली होती. मला एकांतात विचारता आलं असतं. पण मला साक्षीदार हवे होते. मी तो कागद सगळ्यांपुढे टाकला आणि म्हणाले की ही बाई माझ्या बापाचा खिसा उसवते. करिश्माने कागदाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तुम्ही मान खाली घातली. त्या मान खाली घालण्यालाही मी पुरावाच समजले. ती मला एवढंच म्हणाली, "टाके माहेच आहेत, ताई. पण मी चोरी नाई केली." तुम्ही उठून मळ्यात निघून गेलात. दुसऱ्या दिवशी ती आकांक्षाला घेऊन अकोल्याला माहेरी गेली. मी अमरावतीला आले ती विजयी होऊन आले, खोटं कशाला सांगू.

बंडी मी गावाहून परत आणली होती, पुरावा म्हणून. आठ दिवस ती खुंटीवर लोंबकळत होती. एका सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून नवीन खिसा लावावा या विचाराने उतरवली, तर पाठीच्या बाजूला अस्तरात काहीतरी कुरकुरलं. खिशाचा खालचा कोपरा मी शिवायला विसरले होते. बोटभर फट. वीस वर्षं खिसे शिवते आणि बापाच्या खिशाचा कोपरा उघडा ठेवते. त्या फटीतून कागद घसरत घसरत अस्तरात जाऊन बसले होते, अकरा निघाले. सगळे आकांक्षाच्या वहीचे. जवळजवळ प्रत्येकावर वरची ओळ करिश्माच्या गोल अक्षरात, आणि खाली तीच ओळ थरथरत्या अक्षरात, चार वेळा, सहा वेळा. मेथी. वांगी. सांबाराची जुडी. आज मंगळवार आहे. आकांक्षा शाळेत गेली. चुकलं तिथे लाल पेनाने गोल, आणि बरोबर आलं तिथे मास्तरणीसारखी खूण. एका कागदावर वरची ओळच नव्हती, फक्त थरथरतं अक्षर: माया दुकानात आहे. सर्वात शेवटी अचलपूरच्या शाळेत झालेल्या प्रौढांच्या परीक्षेचं प्रवेशपत्र, तुमच्या नावाचं, मार्चमधल्या तारखेचं. त्याच्या फॉर्मला आधार कार्ड लागलं असणार. म्हणून टाके उसवले होते, आणि मी लावलेलं कुलूप तुटलं असं मला वाटू नये म्हणून बिचारीने परत शिवले होते.

मी किशोरला फोन केला आणि खूप बोलले, मग खूप रडले. तो म्हणाला, "बाबानं शपथ घातली होती, ताई. म्हणे, मायाले सांगू नका. आखाजीले जेवणं झाल्यावर मीच तिले वाचून दाखवीन." म्हणजे त्याच ओसरीवर, त्याच दुपारी. आणि मी तुमच्या आधी बोलले. चार लोकांत पासष्ट वर्षांच्या माणसाने कसं सांगावं की हा माझा गिरवायचा कागद आहे? तुम्ही का गप्प बसलात ते मला आता कळतं. पण तुमच्या गप्प बसण्याने त्या पोरीचं नाव खराब झालं हेही मला कळतं, आणि ते तुम्हालाही टोचत असणार. फोन न उचलण्यामागे माझ्यावरचा राग अर्धाच आहे असा माझा संशय आहे. हा संशय तरी खोटा नसावा.

तुम्ही मला शिकवायला का सांगितलं नाही, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारत होते. मग आठवलं. मी सातवीत होते. तुम्ही एका संध्याकाळी पाटी घेऊन माझ्याजवळ बसलात आणि 'क' उलटा काढलात. मी हसले. नुसती हसले असते तर चाललं असतं, मी दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींना सांगितलं, आणि ते फिरून मंडीत तुमच्या कानावर आलं. पोरीची थट्टा म्हणून तुम्ही ते तिथे उडवून लावलंत. तुम्ही मला कधी रागावला नाहीत. पाटी मात्र पुन्हा हातात धरली नाहीत, थेट करिश्मा येईपर्यंत. तिच्यापुढे तुम्हाला 'क' उलटा काढायची लाज वाटली नाही. मला तिचा हेवा वाटतो, बाबा. संशयाच्या आधीपासून वाटत होता, आणि माझ्या संशयाचं मूळ शेतात नव्हतंच, ते या हेव्यात होतं.

गेल्या रविवारी मी अकोल्याला गेले होते. सकाळची बस पकडली, तिच्या आईसाठी संत्र्याची बर्फी घेतली. करिश्माने पाणी दिलं, चहा दिला, आकांक्षाला माझ्या मांडीवर बसवलं. चहात साखर कमी होती, आणि ती मुद्दाम कमी घातली का, हा विचार माझ्या डोक्यात आलाच. असं आहे हे डोकं. तीन तास बसले. पावसाबद्दल बोललो, ब्लाउजच्या गळ्याबद्दल बोललो. ज्यासाठी गेले होते ते ओठावर यायचं आणि घशात परत जायचं. तिनेही विचारलं नाही. निघताना तिने सांगितलं की शाळा उघडते आहे, आकांक्षाचं वर्ष बुडवायचं नाही, म्हणून येत्या सोमवारी ती गावी येणार आहे. माझ्यामुळे येत नाही, शाळेमुळे येते आहे. आली तरी घरात पाहुणीसारखी वावरेल, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते.

म्हणून हे पत्र. किशोरकडे निरोप देता आला असता, सूर्यभानकाकांना मध्ये घालता आलं असतं. पण आयुष्यभर मी तुम्हाला दुसऱ्यांचे कागद वाचून दाखवले, तुम्हाला स्वतःला मात्र मी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. कारण तुम्ही वाचणार नाही हे मी धरूनच चालले होते. हे पहिलं पत्र आहे, आणि ते तुम्हीच वाचायचं आहे, दुसऱ्या कोणाला वाचायला द्यायचं नाही. घाई नको. रोज एक पान झालं तरी पुष्कळ. जोडाक्षरं बरीच आली आहेत, तिथे अडाल, तेव्हा करिश्माला हाक मारा, तिला जवळ बसवा आणि तिथून पुढे मोठ्याने वाचा. मला तिच्यासमोर तोंड उघडता आलं नाही. तिने ज्याला वाचायला शिकवलं त्याच्या तोंडून तिने माझं म्हणणं ऐकावं, अशी माझी इच्छा आहे. सूर्यभानकाका आणि शेजारची मंडळी ओसरीवर असतील तेव्हा वाचलंत तर जास्त बरं, कारण बोलले ते मी त्यांच्यासमोरच. तुम्हाला त्यांच्यापुढे वाचायची लाज वाटली तर मी आग्रह करणार नाही. पण पुढची ओळ तरी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचा, बाबा.

करिश्मा, माझं चुकलं. मला माफ कर.

तुमचीच,
माया