पायाशी टेकलेलं इंद्रधनुष्य

दुर्गदबैल, हुबळी
२४ नोव्हेंबर १९७९

ती. गोविंदअण्णास,

सुलूचा नमस्कार. आत्ताच घेऊन ठेव. पत्र संपेपर्यंत तुझा हात आशीर्वादाला उठेल असं वाटत नाही.

इकडे सगळे बरे आहेत. लग्नसराईमुळे अप्पांच्या कापडदुकानात पाय ठेवायला जागा नाही. चंपाआत्याने माझ्या रुखवताचे लाडू आतापासूनच मनात वळायला घेतलेत. आपली अंबूताई नेहमीसारखी माजघरात तांदूळ निवडत बसते.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या आम्ही बायका गोकर्णाला गेलो होतो. तिथून पुढे किनाऱ्यावर एक भोक पडलेला खडक आहे. लाट खालून आत शिरली की वरून पाणी उसळतं, चांगलं दोन पुरुष उंच! सकाळचं ऊन पाठीशी असलं तर त्या तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. लाट ओसरली की तेही गेलं. आमच्या लक्ष्मीबाईंना भावाने कुवेतहून कॅमेरा नि रंगीत रोल पाठवलाय. त्यांनी अर्धा रोल त्या धनुष्यावरच उडवला. बटण दाबेपर्यंत ते गायब, आणि बाई समुद्राला कन्नडमधून शिव्या घालतायत. हसून हसून आमची पोटं दुखली.

शेवटी म्हणाल्या, "सुलू, तू जा गं, खडकाशी उभी राहा." गेले. पाणी अंगावर येणार म्हणून निऱ्या उचलल्या, पार पोटरीपर्यंत. लाट आली. बाई ओरडल्या, "अलुगाडबेड! हलू नकोस!" मी हलले नाही.

फोटो गेल्या आठवड्यात मुंबईहून धुऊन आला. सगळे रंग आलेत अण्णा. आणि धनुष्य जिथे खाली टेकलंय तिथे माझा डावा पाय आहे, घोट्यापासून पोटरीपर्यंत पांढरा.

कोड. बघ, लिहिलं. तू दर पत्रात 'तो विषय' म्हणतोस ना, तोच.

मिरजेची मंडळी मला बघायला आली तेव्हा आत्याने माझे पाय हळदीने माखले होते. नारायणरावांच्या आईंनी विचारलं, तर म्हणाली, "देवीचा नवस आहे, लग्न ठरेपर्यंत हळद उतरवायची नाही." त्या माउलीने हात जोडले रे! माझ्या पायांना! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि नारायणराव इतकं साधं, मोकळं बोलले माझ्याशी. मला ते आवडलेत. तेच तर अवघड झालंय.

लग्नानंतर हळूहळू सांगू, म्हणतोस. अंबूताईच्या वेळीही हेच म्हणाला होतास. तिलाही हीच हळद, हाच नवस. पहिल्या मंगळागौरीच्या आत ती माघारी आली, आणि तेव्हापासून दारात पाहुणा आला की उठून आत जाते. तू सुट्टीला येतोस तेव्हा तुला दिसत नाही का रे हे?

काल तिला फोटो दाखवला. किती तरी वेळ बघत राहिली. "किती छान हसतेस गं," एवढंच म्हणाली. मग मी पाकीट घेऊन निघाले, तर पदर सारखा करून माझ्याबरोबर टपालपेटीपर्यंत आली. भर बाजारातून, अण्णा! हातगाड्यांतून वाट काढत!

होय. फोटो मिरजेला गेला, नारायणरावांच्या नावे. पाठीमागे लिहिलंय, 'हळद नवसाची नव्हती.'

तू त्यांच्या मामांच्या हाताखाली काम करतोस, तिथे तुला मान खाली घालावी लागेल, हे मला कळतं. अप्पांना संध्याकाळी सांगणार आहे. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की आत्तापासूनच हातातलं काम टाकून दाराशी धावते. पण पाकीट परत मागायला मी पोस्टात गेले नाही, जाणारही नाही.

होकार आला तर तू लग्नाला ये. नकार आला तरी ये. मी आणि अंबूताई तांदूळ निवडत बसलेल्या असू, पण पुढच्या दारात.

हळद धुतलेली तुझी बहीण,
सुलू