आठवी चिठ्ठी

सोमवार, २ डिसेंबर
मुरबाडला हजर झाले आणि जागा पाहूनच मन खूश झालं. माळशेजच्या रस्त्याला लागून एका ट्रस्टचं नवं रुग्णालय आहे. माझ्या खोलीच्या खिडकीतून कापणी झालेली भातशेती दिसते, बांधापलीकडे पेंढ्याची उडवी. आया गिरजामावशींनी आल्याआल्या चहा दिला आणि साखर कमी असेल तर सांगा म्हणाल्या. साखर जास्तच होती, पण मी सांगितलं नाही.

सहा दिवसांचा वर्ग घ्यायचा आहे. रुग्णाची सुरक्षितता आणि डॉक्टरची कायदेशीर जबाबदारी. नवे डॉक्टर सात. जवळच्या वैशाखरे गावची कुणाली तिच्या घरातली पहिली डॉक्टर. कल्याणकडचा स्वरूप माझं वाक्य संपायच्या आत प्रश्न विचारतो. आज शिकवलं ते असं: नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्या, कोणतं औषध सोसत नाही ते विचारा, जे झालं ते झालं त्याच वेळी केसपेपरवर लिहा, मागाहून एक अक्षरही बदलू नका. हे मी इतक्या ठिकाणी बोललेय की आता विचार न करता तोंडातून येतं.

मंगळवार, ३ डिसेंबर
दुपारी सगळ्यांना एकेक कोरी चिठ्ठी दिली. आपल्या हातून झालेली एक चूक लिहायची, नाव नाही. सलाईनचा रिकामा खोका पेटी म्हणून ठेवला. लहान मुलाला चुकीचं सिरप, एक्स-रेची अदलाबदल, असं बरंच निघालं. मोकळेपणाने लिहिलं होतं पोरांनी, बरं वाटलं.

शेवटची चिठ्ठी मी न पाहता मोठ्याने वाचायला घेतली. ‘त्याला हे इंजेक्शन सोसत नाही असं बायकोनं सांगितलं होतं. तिच्या हातात दवाखान्याचा जुना कागद होता. तरी दिलं.’

मग कुणाली बोलली, “त्या बाईला आजपर्यंत कोणी खरं सांगितलंच नाय का, मॅडम?”

मी विषय बदलला. नंतर मोजल्या. चिठ्ठ्या आठ होत्या.

बुधवार, ४ डिसेंबर
सात चिठ्ठ्या स्वतः मोजून दिल्या. खोका स्वतः उघडला. आठ निघाल्या. ‘तो गेल्यावर केसपेपरवर “ॲलर्जी नाही” असं लिहिलं. आळ सिस्टरवर आला.’

अक्षर माझं होतं. आताचं नाही. नवी डॉक्टर होते तेव्हाचं, उजवीकडे झुकलेलं.

निदान इथे तरी लिहिते. बारा वर्षांपूर्वी शहापूर तालुक्यात एका खासगी दवाखान्यात मी नोकरीला होते. तो दवाखाना आता बंद आहे. डोळखांबकडचा भगीरथ नावाचा माणूस पायाला कोयता लागून आला होता. बाहेर रांग होती. त्याची बायको कमळाबाई काहीतरी सांगत होती. इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत त्याच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला. वाचला नाही. मग मी केसपेपर बदलला. ॲलर्जी विचारून नोंदवायचं काम सिस्टरचं, म्हणून नोकरी तिची गेली. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. म्हणजे त्या पोरांपैकी कुणाला ठाऊक असणं शक्यच नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर
चिठ्ठ्या बंद केल्या. आज रबरी पुतळ्यावर सराव ठेवला होता. रिॲक्शन आली तर काय करायचं, हाच धडा. टाळणार होते, पण वेळापत्रकात छापलेला होता.

कुणालीने पुतळ्याचा सदरा उघडला आणि हात मागे घेतला. “मॅडम, ह्याच्या अंगावर गांधी आल्यात.”

छातीभर लाल, फुगलेल्या. स्वरूपला वाटलं, मीच सरावासाठी रंगवलं असेल. मी बोट लावलं. रबर ऊन होतं. बोटाखाली काहीतरी — नाडीसारखं —

वर्ग सोडून दिला.

शुक्रवार, ६ डिसेंबर
गिरजामावशी सांगत होत्या की चार दिवस व्हरांड्यात एक माणूस बसतो. भर दुपारी अंगभर चादर, सारखा खाजवत असतो. मावशींनी विचारलं तर बोलला, मॅडमचा तास ऐकाय आलोय. पाणी दिलं ते घेतलं नाय.

बाहेर जाऊन पाहिलं. बाकावर कुणी नव्हतं. बाक ऊन होता, आणि तिथे ऊन येत नाही.

कुणाली मागे आली होती. मी तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ती धीर देईल. ती एक पाऊल मागे सरकली. मग म्हणाली, “मला नका सांगू, मॅडम. त्या बाईला सांगा.”

शनिवार, ७ डिसेंबर
दुपारी तीन. शेवटचा तास सकाळीच उरकला. डोळखांबच्या पुढच्या पाड्यात. कमळाबाईंच्या ओट्यावर बसून लिहितेय.

त्यांनी मला ओळखलं. दोन वर्षांपासून अर्धं अंग लुळं आहे. उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. मी सांगितलं. रडले. त्या रडल्या नाहीत. बोलल्या, “लिवून द्या. तोंडचं तुमचं मागं पण ऐकलं व्हतं आमी.”

दुसरा कागद नव्हता म्हणून वहीतच —

‘मी, डॉक्टर नम्रता, लिहून देते की भगीरथच्या मृत्यूला मी जबाबदार आहे. त्यांच्या पत्नीने सांगितलं ते गर्दीमुळे मला ऐकू आलं नाही.’

शेवटचं वाक्य खोडलेलं आहे. मी खोडलं नाही.

पुन्हा लिहिलं. नीट ऐकू आलं नाही. पुन्हा खोडलं. पेन माझ्याच हातात आहे.

कमळाबाई माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या मागे बघतायत. विचारतायत, बसता का म्हणून — मला नाही —

मानेवर ऊन श्वास. कोंडलेला. हाताला खाज सुटलीय. मनगटावर लाल —

लिहिते. खरं लिहिते. ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द ऐकू आला होता. तिने कागद पुढे केला, तो मी वाचला, आणि तरीही मी