बर्लिनहून आलेली बरणी

सर,

आपल्याला जाऊन इतकी वर्षे झाली, तरी सापाच्या पोटाखालचे खवले मोजू लागलो की आपण मागे उभे आहात, असे मला अजून वाटते. आज तसे वाटणे सोसवत नाही. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत माझ्यासमोर दोन बरण्या आहेत. एकीत इक्वेडोरच्या ढगांत बुडालेल्या डोंगररानातला, गोगलगाई खाणारा एक सडपातळ साप आहे. जिवंतपणी तो हिरवा होता. अल्कोहोलमध्ये पिवळेपणा उतरून आता निळा पडला आहे. तो प्रथम पाहिला माझ्या पत्नीने. ती केवळ सोबतीला आली होती. मी पालापाचोळ्यात नजर रोवून चाललो आहे, आणि ती मागून म्हणते, "अहो, वारा नाही आणि ती वेल हलतेय. तुमचंच कुणी नातलग असेल!"

तिला जाऊन अजून वर्ष झालेले नाही. त्या सापाचे वर्णन मी पूर्ण केले असून नव्या जातीला तिचे नाव दिले आहे. परंतु हीच जात पूर्वी कुणी वर्णिलेली निघाली, तर जुने नाव टिकते आणि नवे बाद होते, हे आपणच शिकवलेत. दुसरी बरणी त्यासाठीच बर्लिनच्या संग्रहालयातून मागवली. तिच्यात त्याच डोंगररांगेतला, फार पूर्वी दुसऱ्या नावाने नोंदलेला साप आहे. दोघांचे खवले जुळले, तर तिचे नाव गेले.

कॉलेजमागच्या ओढ्यावर सापडलेले पट्टेदार पिल्लू मी नवी जात म्हणून आपल्या टेबलावर ठेवले होते. आपण चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "अरे, बारशाची एवढी घाई? आधी मूल कुणाचं ते तरी बघ!" ते धामणीचे पिल्लू होते. वर्ग कितीतरी वेळ हसत होता. लग्नानंतर ही हकिगत मी पत्नीला सांगितली, आणि ती तिने जन्मभर वापरली. घर पाहण्याआधीच मी पडदे ठरवू लागलो की "अहो, बारसं थांबवा." रुग्णालयातही, रिपोर्ट हाती येण्याआधी मी उन्हाळ्यातल्या पुण्याच्या प्रवासाचे बोलू लागलो, तेव्हा ती डोळे मिटूनच म्हणाली, "थांबवा हो जरा."

काल मुलीचा फोन आला. मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तरे देते. "आल्झो पापा, माख झी दोख आउफ!" म्हणजे, उघडा ना ती एकदाची. मी तिला म्हणालो की सूक्ष्मदर्शकाचा दिवा बिघडला आहे. दिवा उत्तम चालतो.

बर्लिनचे सहकारी फार सौजन्याने विचारतात, बरणी सुखरूप पोहोचली का. अद्याप नाही, असे मी त्यांना कळवले आहे. ती सोमवारपासून माझ्या टेबलावर आहे. आपण असतात तर हे पत्र मी लिहिलेच नसते, कारण आपण पहिला प्रश्न झाकणाचा विचारला असता. झाकण फार घट्ट बसले आहे, सर. निदान स्वतःला मी तसे सांगतो. हात लावून अजून पाहिलेला नाही.