रविवारी नऊला हजर राहणे

चि. खारुताईस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे. (सर्व म्हणजे मी.) तुझा खोकला गेला का? आईला सांग, माझा गुडघा बरा आहे, जिना तेवढा उंच झालाय.

पत्रास कारण, गेल्या शुक्रवारी मी साहेब झालो. गल्लीच्या टोकाच्या शाळेत दहावीच्या मुलांसाठी 'करिअर दिवस' होता. बाहेरच्या साहेब लोकांनी मुलाखती घ्यायच्या, मुलांनी उत्तरं द्यायची. बँकेचे साहेब ऐनवेळी आले नाहीत, आणि मी नेमका ग्रंथालयाची बांधून झालेली पुस्तकं पोचवायला गेलेलो. बाई म्हणाल्या, "आजोबा, तासभर बसता का?" मला कुणी बसा म्हटल्याला बरेच दिवस झाले होते, बसलो. चौथी पास माणसापुढे दहावीची मुलं घाम पुसत होती.

प्रश्नांचा छापील कागद होता. पहिलाच प्रश्न, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? एका चष्मेवाल्या मुलीने घडाघडा उत्तर दिलं आणि वर विचारलं, "आणि आजोबा, तुम्ही?" मी एकाहत्तरचा. (उत्तर मागे छापलं असेल म्हणून कागद उलटून पाहिला. नव्हतं.) मग तो बाजूला ठेवला आणि माझ्या पद्धतीने चाललो. हात पाहिले, जुनं पुस्तक पाठ न मोडता उघडायला दिलं. प्रत्येकजण शेवटी म्हणे, "संधी मिळाली तर मन लावून काम करीन." इतक्या पोटतिडकीने सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं? तिघांना नोकरी दिली. रविवारी नऊला दुकानात हजर. चष्मेवाली तर हात मिळवून "थँक्यू सर" म्हणाली.

शनिवारी तीन स्टुलं आणली, भिंतीकडचे पुठ्ठे हलवले. रविवारी चौघांपुरती खळ शिजवली. नऊ वाजले, दहा वाजले, खळीवर साय आली. दुकानाची पाटी नीट दिसते ना, हे दोनदा रस्त्यापलीकडे जाऊन पाहून आलो. दिसते.

सोमवारी शाळेत चौकशीला गेलो. बाई म्हणाल्या, "आजोबा, तो सराव होता हो." म्हटलं, "ठाऊक आहे, मीही सरावच केला." त्या हसल्या, आणि हसता हसता थांबल्या, म्हणून मी लगेच निघालो.

खळ मात्र वाया गेली नाही. घरात फाटकं होतं ते सगळं चिकटवलं, मग धड होतं तेही. मला एकटं वाटतं हा तुझ्या आईचा गैरसमज आहे. स्टुलांच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नाही.

तुझा,
आजोबा

ता. क. तुलाही सुट्टीत आठ दिवस कुठेतरी काम करून शाळेला दाखला द्यायचाय, असं आई फोनवर म्हणाली. माझ्याकडे गोल शिक्का आहे. मुलाखत नाही. तुझे हात मी तू सहा दिवसांची असतानाच पाहिलेत.

ता. क. २. मोठ्या ऑफिसात जायचं असेल तर खुशाल जा, मी रागावणार नाही. दोन स्टुलं दुकानदाराने परत घेतली. तिसरं घेत नाही म्हणतो. (त्याला मी विचारलेलं नाही.)